तळ्याकाठचं कॉटेज घ्यायचं की नाही: बुकिंग करण्याआधी कोणत्या क्रमाने काय तपासायचं

उन्हाळा जवळ आला की मला हमखास दोन-तीन फोन येतात, "अगं, तळ्याकाठी मस्त कॉटेज मिळतंय, घेऊ का?" लिंक उघडली की तोच फोटो असतो, संध्याकाळचं शांत पाणी, लाकडी जेटी, दोन खुर्च्या. मी विचारते किती जण जाताय, पाण्यात कोण उतरणार, सगळ्यात लहान मूल केवढं आहे, तर उत्तर येतं, ते बघू नंतर, आधी हातचं जायला नको. आणि इथेच गाडी उलटी पळायला लागते. लोक आधी फोटोवर भाळतात, मग ॲडव्हान्स भरतात, मग तारखा जुळवतात आणि कुणाला काय झेपणार हा विचार सगळ्यात शेवटी करतात. बरोबर क्रम असा आहे: माणसं, तारखा, पाणी, घर, रस्ता-दवाखाना, कामाची वाटणी, पैसे, आणि मग मालकाला फोन. फोटो बघायचाच असेल तर तो यातल्या प्रत्येक टप्प्यावर पुरावा म्हणून बघा, स्वप्न म्हणून नको.

## तयारी: एक कागद आणि एक तास

घरातली सगळी मोठी माणसं एकत्र बसतील असा एक तास काढा. कागदावर तीन रकाने पाडा: "हे नसेल तर जायचंच नाही", "असेल तर बरं", "नसलं तरी चालेल". पहिल्या रकान्यात प्रत्येकाने जास्तीत जास्त दोन गोष्टी लिहायच्या, त्यापेक्षा जास्त लिहिल्या तर अशी जागा जगात सापडणार नाही.

प्रत्येक घरात एक जण असतं जे म्हणतं "माझं काही नाही, तुम्ही ठरवा". त्यांच्याकडून तर आवर्जून लिहून घ्या. कारण रात्री तीनदा उठावं लागतं आणि बाथरूम जिन्याखाली आहे, हा त्रास नेमका त्यांच्याच वाट्याला येतो आणि ते सहा दिवस काहीही बोलत नाहीत.

## १. माणसं मोजा, नुसती डोकी नाही

"आठ जणांची सोय" असं लिहिलेलं असलं की त्यात बहुतेक वेळा हॉलमधला सोफा-कम-बेड धरलेला असतो. म्हणजे जो सोफ्यावर झोपणार तो सगळ्यात शेवटी झोपणार आणि सगळ्यात आधी उठणार. प्रत्येकाच्या नावापुढे चार गोष्टी लिहा: पोहता येतं का (खरंखुरं, "थोडंफार" म्हणजे नाही), जिना चढता येतो का, रोजचं औषध काय आहे, आणि दुपारी एकटं निवांत बसायला कोपरा लागतो का. ही चौथी गोष्ट कुणीच लिहीत नाही आणि तिसऱ्या दिवशी भांडणं त्यावरूनच होतात.

तपासून बघा: पोहता न येणाऱ्यांची आणि लहान मुलांची संख्या नीट पोहता येणाऱ्या मोठ्यांच्या दुपटीपेक्षा जास्त भरत असेल, तर पाण्याला लागून असलेलं घर नकोच. रस्ता ओलांडून किंवा थोडं चालून तळं असलेलं घर बघा, मधे बंद होणारं फाटक असेल तर उत्तम. हे प्रमाण कुठल्या नियमात नाही, माझं स्वतःचं आहे, पण मी ते मोडत नाही.

## २. तारखा: रात्री नाही, पूर्ण दिवस मोजा

जाहिरात रात्रींची असते, सुट्टी दिवसांची असते. दुपारी चेक-इन आणि सकाळी चेक-आउट, म्हणजे तीन रात्रींचे पूर्ण दिवस दोनच. प्रवास पाच-सहा तासांचा असेल तर पहिली संध्याकाळ सामान लावण्यात जाते आणि शेवटची रात्र बॅगा भरण्यात. माझ्या मते तळ्याकाठचं कॉटेज चार रात्रींपेक्षा कमी घेऊच नये. तेवढा वेळ नसेल तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायची सहल जास्त सुखाची होते.

तारखा नक्की करण्याआधी नोकरीतली रजा मंजूर झालीय का बघा, "मिळेल बहुतेक" यावर पैसे भरू नका.

## ३. पाणी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

लोक घराच्या पडद्यांचे रंग विचारतात आणि पाण्याबद्दल एक प्रश्न विचारत नाहीत, म्हणून हा टप्पा लांबवते आहे.

तळं नैसर्गिक आहे की धरणाचं? धरणाचं असेल तर उन्हाळ्यात शेतीसाठी, पिण्यासाठी पाणी सोडलं जातं आणि बऱ्याच ठिकाणी काठ खूप मागे सरकतो. एका वर्षी आम्ही अकरा जण असेच गेलो. फोटोत पाणी पायऱ्यांना टेकलेलं, आणि प्रत्यक्षात जेटी कोरड्या जमिनीवर उभी, तिच्या खांबांवर माझ्या खांद्याइतक्या उंचीला पाण्याची जुनी रेघ, आणि पुढे भेगाळलेला चिखल. भाची ट्यूब कमरेला लावून धावत बाहेर आली ती तशीच पायरीवर बसली. पाण्यापर्यंत दीडशेएक पावलं होती आणि दर पावलाला चप्पल आत राहत होती. मालक खोटं बोलला नव्हता, फोटो तळं भरलेलं असतानाचा होता, तो कधीचा आहे हे आम्ही विचारलंच नव्हतं.

हे घरबसल्या तपासता येतं. कोपर्निकस ब्राउझर नावाची फुकट वेबसाइट आहे, त्यात सेंटिनेल-२ उपग्रहाचे फोटो तारखेनुसार बघता येतात, साधारण दर पाच दिवसांनी नवा फोटो असतो. तळं शोधा, मागच्या वर्षीचा तुमच्याच तारखांचा आठवडा निवडा, ढग असतील तर पुढची-मागची तारीख घ्या, आणि त्याच्या आदल्या वर्षीचा पण बघा. त्यात एक ठिपका १० मीटरचा असतो त्यामुळे जेटी दिसणार नाही, पण काठ पन्नास-शंभर मीटर मागे गेला असेल तर तो स्पष्ट दिसतो. दहा मिनिटांचं काम आहे.

उतार कसा आहे? मालकाला "खोल आहे का" असं विचारू नका, "नाही हो, मुलं खेळतात" हेच उत्तर येतं. असं विचारा: "काठापासून दहा पावलं आत गेल्यावर मोठ्या माणसाला पाणी कुठवर येतं, आणि वीस पावलांवर?" गुडघा, मग कंबर, असं हळूहळू वाढत असेल तर ठीक. गुडघ्यानंतर एकदम गळा, असं असेल तर लहान मुलांसाठी ती जागा नाही, पुढे वाचायची पण गरज नाही. तळाशी वाळू आहे, दगड आहेत की गाळ आहे हेही त्याच दमात विचारून घ्या.

पाणी किती गार आहे? उन्हाळा आहे म्हणजे पाणी कोमटच असणार हा मोठा गैरसमज. उन्हाने वरचा थर तापतो, गार पाणी जड असल्यामुळे खाली बसतं, आणि खोल तळ्यात वारा ते सगळं ढवळू शकत नाही. त्यामुळे वर पोहायला छान वाटतं आणि पाय खाली सोडले की एकदम बर्फासारखं लागतं. डोंगरातली, बर्फ वितळून भरणारी तळी तर वरूनही गार असतात. पाणी १५ अंशांच्या खाली असेल आणि माणूस एकदम उडी मारून उतरला तर आपोआप मोठा श्वास ओढला जातो, धाप लागते, आणि तो श्वास पाण्याखाली ओढला गेला तर चांगला पोहणाराही जातो. अगदी गार पाण्यासाठी एक हिशेब सांगतात, १-१०-१: श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती १० मिनिटं, आणि शुद्ध हरपेपर्यंत साधारण १ तास. म्हणून गार पाण्यात हळूहळू उतरायचं, आणि दम लागलाच तर हातपाय न मारता आधी पाठीवर तरंगायचं, श्वास जागेवर येऊ द्यायचा.

पाण्यावर काय तरंगतंय? हिरवा रंग सांडल्यासारखा थर, काठाला साचलेली साय किंवा फेस, कुबट वास, असं दिसलं तर ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं. ते गरम, साचलेल्या पाण्यात वाढतं आणि त्यातल्या काही जाती विषारी असतात. डोळ्यांनी बघून विषारी कुठलं ते ओळखता येत नाही, त्यामुळे थर दिसला की कुणीच उतरायचं नाही, कुत्रा सोबत असेल तर त्यालाही लांब ठेवा, तो अंग चाटतो आणि विष पोटात जातं. हे पाणी उकळून पिण्यालायक होत नाही, उकळल्याने विष जात नाही. मागच्या उन्हाळ्यातले पाहुण्यांचे अभिप्राय शोधा, त्यात "हिरवं पाणी", "वास" हे शब्द आलेत का बघा. पाच तारे किती जणांनी दिले यापेक्षा हे कामाचं.

काठ कुणाचा? पाण्यात उतरायची परवानगी आहे का, मोटरबोटी किती जवळून जातात, काठ फक्त तुमच्या कॉटेजचा आहे की शेजारच्या सहा घरांचाही, हे विचारून टाका.

सावधान: हवा भरलेली ट्यूब, दंडाचे फुगे, रबरी मगर ही खेळणी आहेत, सुरक्षेची साधनं नाहीत. वारा जमिनीकडून पाण्याकडे असेल तर मुलासकट आत जातात, आणि मोठा माणूस मागे पोहत गेला तरी पोचत नाही. लाइफ जॅकेट घेताना त्यावरचा न्यूटनचा आकडा वाचा, म्हणजे ते माणसाला किती जोराने वर उचलून धरतं ते. ५० चं जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी आहे, बेशुद्ध माणसाचं तोंड ते वर ठेवेलच असं नाही. न पोहणाऱ्यांना आणि मुलांना निदान १०० चं, मानेमागे आधार आणि पायांमधून पट्टा असलेलं, मुलाच्या वजनाप्रमाणे. कॉटेजवर "जॅकेटं आहेत" म्हणतात तेव्हा ती मोठ्यांची असतात, मुलांची घरून न्या.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २०२१ मध्ये जगात साधारण ३ लाख माणसं बुडून गेली आणि त्यात जवळजवळ पाव हिस्सा पाच वर्षांखालची मुलं होती. हे घाबरवायला लिहीत नाही, पण बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही, मिनिटभराच्या आत आवाज न करता खाली जातं, हे घरातल्या प्रत्येकाला निघण्याआधी माहीत असलंच पाहिजे.

## ४. घर: चार गोष्टी बघा, बाकी सोडा

एक, दारं. तळ्याकडे उघडणाऱ्या दाराला लहान मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर कडी आहे का. दोन, जाळ्या. पाण्याजवळ डास, चिलटं असणारच, खिडक्यांना जाळी नसेल तर संध्याकाळी सहा वाजल्यापासून तुम्ही उकाड्यात बंद. तीन, पिण्याचं पाणी कुठलं. विहिरीचं किंवा तळ्याचं असेल तर खळखळून १ मिनिट उकळायचं, २००० मीटरपेक्षा उंच जागी ३ मिनिटं (शेवाळाचं वर सांगितलं ते मात्र लक्षात ठेवा). चार, गॅस गिझर आणि शेगडी. गिझर बंद बाथरूममध्ये असेल तर नको म्हणा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, कळेपर्यंत उशीर होतो. कोळशाची शेगडी कितीही गारवा असला तरी आत आणायची नाही, जनरेटर असेल तर तो खिडक्यांपासून निदान ६ मीटर लांब आहे का विचारा.

बऱ्याच कॉटेजना सेप्टिक टाकी असते. आठ जणांसाठीच्या टाकीवर तेरा जण राहिले की काय होतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं, म्हणून "दोघं-तिघं जास्त येतील, चालेल ना" हे करू नका.

## ५. रस्ता, दवाखाना, नेटवर्क

नकाशावरचं अंतर नका बघू, गाडीने लागणारा वेळ बघा, तोही रात्रीचा. चोवीस तास उघडा असलेला दवाखाना किती मिनिटांवर आहे हे कागदावर आलं पाहिजे. घरात दम्याचं, हृदयाचं दुखणं किंवा तान्हं बाळ असेल तर माझी मर्यादा अर्धा तास आहे, त्यापुढचं कॉटेज कितीही सुंदर असलं तरी मी सोडते.

नेटवर्क कुठल्या कंपनीचं येतं, घरात येतं की फक्त फाटकाजवळ, हे विचारा. नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा.

## ६. काम कोण करणार?

हॉटेलची सुट्टी आणि कॉटेजची सुट्टी यात खरा फरक हा आहे. कॉटेज म्हणजे दुसरं स्वयंपाकघर, अनोळखी, डबे कुठे ते माहीत नाही, सुरीला धार नाही, आणि माणसं घरच्यापेक्षा दुप्पट. माझ्या ओळखीतल्या एका वहिनींनी पाच दिवसांच्या सुट्टीत तळ्यात पाय बुडवला तो शेवटच्या दिवशी, तोही भांडी विसळून झाल्यावर बादली भरायला गेल्या तेव्हा. सगळे म्हणत होते किती मजा आली.

म्हणून बुकिंगच्या आधी, नंतर नाही, जेवणांची यादी करा. चार पूर्ण दिवस म्हणजे नाश्ते, जेवणं आणि येण्या-जाण्याची मिळून चौदा-पंधरा वेळा ताटं मांडायची. प्रत्येकापुढे दोन नावं लिहा, एक करणारा आणि एक आवरणारा, आणि एकच नाव चारपेक्षा जास्त वेळा आलं की यादी पुन्हा करा. पुरुषांची, कॉलेजच्या मुलांची नावं त्यात आलीच पाहिजेत, "मी मदत करेन" हे नाव नाही. दिवसातलं एक जेवण मुद्दाम न शिजवता होईल असं ठेवा.

तपासून बघा: नावं भरता भरता घरात शांतता पसरली, कुणी डोळे चुकवायला लागलं, तर कॉटेज नका घेऊ, तळ्याजवळचं जेवण मिळणारं साधं हॉटेल घ्या. तळं तेच राहतं.

## ७. पैसे: पूर्ण दिवसाने भागा

भाडं सोडून आणखी काय काय लागतं ते आधी लिहा: सफाईचे पैसे, डिपॉझिट, चादरी-टॉवेल वेगळे का, बोटीचं भाडं, गाडीचं इंधन, आणि घरापेक्षा जास्त होणारा किराणा.

समजा तीन रात्रींचं भाडं १०० धरलं. सफाई १२, इंधन २५, जास्तीचा किराणा २०, बोट १५, एकूण १७२. पूर्ण दिवस दोन, म्हणजे एका दिवसाला ८६ पडले, जाहिरातीत मात्र रात्रीला ३३ दिसत होते. आता तेच पाच रात्रींचं करा: भाडं १६७, सफाई तीच १२, इंधन तेच २५, किराणा ३३, बोट १५, एकूण २५२, पूर्ण दिवस चार, दिवसाला ६३. तुमचे आकडे वेगळे असतील पण चित्र बहुतेक असंच निघतं, कमी दिवसांची सुट्टी स्वस्त दिसते आणि महाग पडते. हॉटेलशी तुलना करायची तर ह्याच शेवटच्या आकड्याशी करा.

दोन कुटुंबं मिळून जात असाल तर वाटणी डोक्यावर, खोलीवर की कुटुंबावर, हे आधीच ठरवा. नंतर हा विषय काढला की कुणीतरी दुखावतंच.

## ८. मालकाला फोन, आणि लेखी उत्तर

फोनवर बोला पण उत्तरं मेसेजवर मागा. विचारायचं ते हे: या आठवड्यात जेटीवरून काढलेला एक व्हिडिओ पाठवाल का, चालत पाण्यापर्यंत जाणारा. वीज गेली तर इन्व्हर्टर किंवा जनरेटर आहे का, तो किती तास चालतो. रद्द केलं तर कधीपर्यंत किती पैसे परत. पाणी उतरण्यालायक नसेल तर काय. डिपॉझिट किती दिवसांत मिळतं.

व्हिडिओला टाळाटाळ झाली तर मी पुढे जात नाही. जाहिरातीतला फोटो इंटरनेटवर टाकून तो आणखी कुठे वापरलाय का ते शोधा (रिव्हर्स इमेज सर्च), तोच फोटो दुसऱ्याच नावाने दुसऱ्या तळ्यावर दिसला तर ताबडतोब सोडा. पूर्ण रक्कम आधी खासगी खात्यावर मागितली तरी तसंच.

## ९. आता ठरवा

तो पहिला कागद काढा. पहिल्या रकान्यातली एक जरी गोष्ट "नाही" निघाली तर ती जागा गेली, दुसऱ्या रकान्यातल्या दहा चांगल्या गोष्टींनी ती भरून निघत नाही. नेमकी हीच चूक होते, आजोबांना जिना झेपत नाही पण सूर्यास्त काय दिसतो! असं म्हणत बुकिंग होतं. एक रात्र मधे जाऊ द्या, सकाळी पुन्हा यादी वाचा, मग पैसे भरा. "आणखी चार जण हे घर बघत आहेत" असं स्क्रीनवर आलं तरी.

## १०. पोचल्यावरचा पहिला तास

बॅगा उघडायच्या आधी सगळ्यांनी मिळून पाण्यापर्यंत चालत जा. पोहणारा एक मोठा माणूस हातात काठी घेऊन हळूहळू आत उतरेल, काचा, तारा, खड्डा कुठे आहे बघेल, आणि मुलांची हद्द कुठवर ते दाखवेल. डोक्यावर सूर कुणीच मारायचा नाही, मोठ्यांनी सुद्धा. गॅसची मुख्य चावी, विजेचा मेन स्विच, आग विझवायचं सिलिंडर कुठे ते दोघांनी तरी बघून घ्या. दवाखान्याचा नंबर आणि कॉटेजचा पूर्ण पत्ता कागदावर लिहून दाराजवळ चिकटवा, घाबरलेल्या माणसाला पत्ता आठवत नाही.

उन्हाचं पण सांगते, पाण्यात गार वाटतं म्हणून लोक फसतात. अर्धा मीटर पाण्याखालीही पृष्ठभागाच्या साधारण ४० टक्के अतिनील किरणं पोचतात. सनस्क्रीन दर दोन तासांनी, आणि डासांचं क्रीम लावायचं असेल तर ते सनस्क्रीनच्या नंतर, वरून. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा कमी वेळ लागला तर लगेच पाण्याबाहेर आणि घरात, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत जायचं नाही.

आणि एक भडक रंगाची टोपी घरून न्या. ज्याच्या डोक्यावर टोपी तो पाण्याकडे बघणार, फोन नाही, गप्पा नाहीत, पुस्तक नाही, पंधरा मिनिटांनी दुसऱ्याच्या डोक्यावर, देताना तोंडाने "आता तू" म्हणायचं. आठ मोठी माणसं काठावर बसलेली असतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं दुसरं कुणीतरी बघतंय. टोपी दाराशेजारच्या खुंटीवर असेल तेव्हा मुलं पायरीच्या अलीकडे.